वायफाय डोंगल वारंवार गायब होतो? आधी तो कुठून गायब होतो ते बघा

सोसायटीच्या गच्चीवर टाकीची पातळी मोजणारा बोर्ड, रबाळ्याच्या गाळ्यात प्रेस मशीनचे फटके मोजणारा डबा, घरात जाहिराती अडवणारा पाय-होल. ठाणे-नवी मुंबईत रास्पबेरी पाय, ऑरेंज पाय असे छोटे लिनक्स बोर्ड आता ठिकठिकाणी बसलेत आणि त्यांची तक्रार जवळपास एकच असते: दोन-चार दिवस नीट चालतो, मग वायफाय जातं. सेक्रेटरी काकांचा फोन येतो, "अरे, टाकीचं परत अडकलंय बघ." आपण वर जातो, स्विच बंद-चालू करतो, सुरू होतं, खाली येतो. पुढच्या आठवड्यात परत तेच.

या बंद-चालूमध्ये पुरावा पुसला जातो. मग डोंगल, म्हणजे बोर्डाच्या यूएसबी पोर्टला लावलेली वायफायची कांडी, खराब आहे असं धरून दुसरा आणला जातो, तोही तसाच वागतो, आणि शेवटी राउटरला शिव्या बसतात. माझं विचाराल तर अशा तक्रारींत डोंगल स्वतः बिघडलेला क्वचितच निघतो. त्याला वीज कमी पडते, त्याचा ड्रायव्हर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) झोपतो, किंवा राउटर असं काहीतरी करतो जे फोनला चालतं आणि बोर्डाला चालत नाही. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: तो गायब होतो म्हणजे नेमका कुठून होतो?

(कमांड इथे उच्चारतो तशा देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमनमध्येच द्यायच्या.)

स्विचला हात लावण्याआधी

स्क्रीन आणि कीबोर्ड जोडा, किंवा सिरियल केबल असेल तर ती लावा, आणि आधी एलएसयूएसबी द्या; यूएसबीला काय काय लागलंय त्याची यादी येते. यादीत डोंगल नसेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये शिरूच नका. वीज, पोर्ट किंवा पिनांचा संपर्क बघा. यादीत आहे पण 'आयपी लिंक' दिल्यावर डब्ल्यूलॅन० (वायफायचं लिनक्समधलं नाव) दिसत नाही, तर ड्रायव्हरचा घोळ. डब्ल्यूलॅन० आहे पण 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० लिंक' ला 'नॉट कनेक्टेड' असं उत्तर येतं, तर राउटरशी बोलणं तुटलंय: चॅनेल, पासवर्ड नाहीतर सिग्नल. जोडलेला आहे, सिग्नलही दाखवतो, पण राउटरच्या पत्त्यावर पिंग ('आहेस का?' असा छोटा संदेश) जात नाही, तर पॉवर सेव्ह (वीज वाचवणारी झोप) किंवा अडकून बसलेला ड्रायव्हर. आणि राउटरपर्यंत पिंग जातंय पण बाहेर जात नाही, तर बोर्ड निर्दोष आहे. इंटरनेटवाल्याला फोन लावा.

एक सूचना: रास्पबेरी पायमध्ये पाय ३ पासून, म्हणजे २०१६ पासून, वायफाय अंगचंच येतं. ते यूएसबीवर नसून एसडीआयओ या वेगळ्या जोडणीवर असतं, त्यामुळे एलएसयूएसबीत दिसणार नाही. ते तसंच असतं.

गच्चीवर स्क्रीन घेऊन कोण जाणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) दर मिनिटाला चालणारी चार ओळींची स्क्रिप्ट टाका: तारीख-वेळ, एलएसयूएसबीचं उत्तर, आयडब्ल्यू लिंकचं उत्तर आणि राउटरला एक पिंग, सगळं एका फाइलमध्ये खाली खाली जोडत जायचं. शिवाय सिस्टिमचं जर्नल, म्हणजे तिची नोंदवही, एसडी कार्डावर साठतंय का ते पाहा. ते फक्त मेमरीत राहत असेल तर बंद-चालू केल्यावर काहीच उरत नाही. जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये 'स्टोरेज=पर्सिस्टंट' केलं की 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ने मागच्या बूटचे कर्नल (लिनक्सचा गाभा) संदेश वाचता येतात. निदान लागेपर्यंत हे ठेवा, नंतर काढून टाका; एसडी कार्डावर सतत लिहीत राहणं बरं नाही.

वीज

डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'यूएसबी डिस्कनेक्ट' आणि पाठोपाठ 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशा जोड्या दिसल्या की बाकी सगळं बाजूला ठेवून वीज तपासा. डोंगल नुसता ऐकत असतो तेव्हा फार खात नाही, पण पाठवायला लागला की क्षणभर जोरात ओढतो. सरासरी दाखवणाऱ्या स्वस्त यूएसबी मीटरवर सगळं छान दिसतं आणि तेवढ्या क्षणात व्होल्टेज खाली जाऊन डोंगल पडतो.

रास्पबेरी पायवर हे पकडायला 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' आहे. उत्तर ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि प्रोसेसरचा वेग उतरवावा लागला. ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणीही तेच चालू आहे. बोर्डावरचं सर्किट साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ही खूण करतं. झिरो मालिकेत मात्र हे सर्किटच नाही. त्यामुळे झिरो डब्ल्यू किंवा झिरो २ डब्ल्यूवर ०एक्स० आलं म्हणून वीज चांगली आहे असं समजू नका. तिथे मल्टिमीटरच लावावा लागतो, आणि तोही बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर. चार्जरच्या टोकाला मोजून उपयोग नाही.

कारण चोरी बहुतेक वेळा केबलमध्ये होते. केबलच्या आवरणावर बारीक अक्षरात तारेची जाडी छापलेली असते, उजेडात तिरकी धरून वाचा. '२८ एडब्ल्यूजी' असेल तर त्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा, म्हणजे एक मीटर केबलमध्ये ०.४२ ओहमच्या आसपास. बोर्ड आणि डोंगल मिळून १ ॲम्पिअर ओढत असतील तर चार्जरमधून निघालेल्या ५ व्होल्टचे बोर्डापाशी ४.५८ होतात, म्हणजे इशाऱ्याच्या रेषेच्या खालीच. तीच लांबी '२४ एडब्ल्यूजी' ची असेल तर तूट ०.१७ व्होल्टवर येते. दोन मीटरची पातळ केबल घेऊन टेबलाखालून फिरवली असेल तर डोंगल बदलून काहीही होणार नाही. रास्पबेरी पायचे अधिकृत पुरवठे ५ ऐवजी ५.१ व्होल्टचे असतात ते ही तूट भरून काढायलाच.

फास्ट चार्जरबद्दलही एक गैरसमज आहे. '६५ वॉट' लिहिलंय म्हणून बोर्डाला ६५ वॉट मिळत नाहीत. ते वॉट ९, १५, २० व्होल्टवर मिळतात आणि आपला बोर्ड ५ व्होल्टवरच चालतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ ॲम्पिअर, पाय ५ ला ५.१ व्होल्ट ५ ॲम्पिअर हवे. पाय ५ ची तर आणखी खोड आहे: ५ ॲम्पिअरचा पुरवठा ओळखू आला नाही तर तो चारही यूएसबी पोर्ट मिळून ६०० मिलीॲम्पिअरच सोडतो, ओळखू आला तर १.६ ॲम्पिअर. पाय ४ वर चार पोर्ट मिळून १.२ ॲम्पिअर. बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर डोंगलच्या वाट्याला काय उरतं ते तुम्हीच बघा. अशा ठिकाणी स्वतःचा ॲडाप्टर असलेला यूएसबी हब लावावा. तो हब उलटी वीज बोर्डात ढकलत नाही ना, हे आधी तपासा: बोर्डाची पॉवर काढल्यावर लाल दिवा विझला पाहिजे.

गाळ्यांमध्ये यात भर पडते ती मोठ्या मोटारींची. रबाळ्यातल्या एका गाळ्यात डोंगल कामाच्या दिवशी जायचा, सुट्टीच्या दिवशी कधीच नाही. नोंदीतल्या वेळा कंप्रेसर सुरू होण्याच्या वेळांशी जुळल्या. बोर्डाचा चार्जर कंप्रेसरच्याच स्विचबोर्डावरून घेतलेला होता. लाइन वेगळी केली, चार्जर दणकट घातला, प्रश्न मिटला. वायफायची एकही सेटिंग बदलावी लागली नाही.

शिवाय आपल्याकडची हवा. कोपरी, ऐरोली, वाशी या खाडीकाठच्या पट्ट्यात उघड्यावर ठेवलेल्या डोंगलच्या पिना पावसाळ्यानंतर काळवंडतात, कधी हिरवट होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, पूर्ण वाळू द्यायचं, परत लावायचं. हलवल्यावर चालू होतो अशी तक्रार असेल तर सुरुवात इथूनच करा.

निळे पोर्ट

पाय ४ आणि ५ च्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला एसएसडी लावली असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट तयार होतो. इंटेलने २०१२ मध्येच याबद्दल सविस्तर लिहून ठेवलंय. लक्षण: डिस्कवर कॉपी चालू केली की वायफाय मंदावतं किंवा तुटतं. डोंगल काळ्या यूएसबी २ पोर्टला, आणि तोही फूटभर एक्स्टेंशन केबलवर बाहेर काढून. त्या केबलने डोंगल बोर्डाच्या उष्णतेपासूनही लांब जातो. ॲल्युमिनियमची देखणी पेटी अंगच्या अँटेनाचा गळा दाबते हे वेगळं सांगायला नको.

चिप बघा, खोकं नाही

डब्ल्यूलॅन० च येत नसेल तर एलएसयूएसबीतला आठ अक्षरांचा क्रमांक लिहून घ्या. खोक्यावरच्या मॉडेलवर विसंबू नका, एकाच नावाखाली वेगळ्या चिपा येतात. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे गाजलेलं उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१, दुसरीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. पहिली लिनक्सवर सरळ चालायची म्हणून जुन्या लेखांत तिची शिफारस असते. दुकानात मिळतो तो दुसराच.

क्रमांक ०बीडीए:१ए२बी दिसला तर डोंगल सध्या सीडी ड्राइव्हचं सोंग घेऊन बसलाय. विंडोजचा ड्रायव्हर स्वतःच्याच पोटात ठेवणारे हे डोंगल. लावल्यावर आधी डिस्क म्हणून उभे राहतात आणि 'यूएसबी_मोडस्विच' ने ढोसल्यावर वायफाय होतात. कधी होतात, कधी नाही, असं वाटत असेल तर बूटच्या वेळी ते स्विच होण्याचा यूडेव्हचा (वस्तू लागली की काय करायचं ते ठरवणारी लिनक्सची सोय) नियम नीट बसलेला नाही.

रिअलटेकच्या बऱ्याच एसी (वायफाय ५) डोंगलना वर्षानुवर्षं बाहेरून ड्रायव्हर बांधून घालावा लागत होता. अजूनही जुन्या इमेजवर (कार्डावर लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम) लागतो. अशा ड्रायव्हरचं एक ठरलेलं दुखणं आहे: अपडेटमध्ये कर्नल बदलला की वायफाय गेलं. 'डीकेएमएस स्टेटस' द्या; बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधायचं काम डीकेएमएसचं. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल (ड्रायव्हर) बांधलंच गेलं नसेल तर बहुतेक कर्नलच्या हेडर्सचं पॅकेज आलेलं नाही. कर्नल ६.२ पासून ८८२१सीयू, ८८२२बीयू या रिअलटेक चिपांचा आधार कर्नलमध्येच आहे, तेव्हा नवी इमेज चालत असेल तर बाहेरचा ड्रायव्हर काढून टाका. दोन्ही एकत्र असले की एकमेकांच्या पायात पाय घालतात.

नवीन घ्यायचाच असेल तर लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराला चिप विचारा. तो हसला तर दुसऱ्या दुकानात जा. साध्या सेन्सरसाठी आरटी५३७० किंवा एमटी७६०१यू पुरे. एमटी७६०१यूचा ड्रायव्हर २०१५ च्या कर्नल ४.२ पासून आत आहे. दोन्ही बँड हवे असतील तर एमटी७६१२यू, जी ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून, आत आहे. ती वीज थोडी जास्त खाते, वरचा विजेचा भाग त्यासाठी परत वाचा.

झोपणारं वायफाय

आता सगळ्यात फसवा प्रकार. बोर्ड जोडलेला आहे, डेटाही पाठवतोय, पण लॅपटॉपवरून एसएसएच (दुरून लॉगिन) करायला गेलं की लागत नाही. पिंग केलं तर पहिली दोन-तीन उत्तरं येतच नाहीत, मग ३१० मिलिसेकंद, १८०, ९५, आणि नंतर एकदम ४. थोडं थांबून परत केलं की परत तीनशे. हे पॉवर सेव्हचं लक्षण. राउटर साधारण दर १०० मिलिसेकंदांनी बीकन ('मी इथे आहे' असा संदेश) पाठवतो आणि झोपलेला रेडिओ मधूनमधून जागा होऊन आपल्यासाठी काही आहे का ते विचारतो. तोवर तुमचं पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, राउटरकडे पडून. शिवाय सगळ्यांना उद्देशून गेलेली पाकिटं अशात हुकतात, म्हणून '.लोकल' नावाने बोर्ड सापडत नाही.

'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० गेट पॉवर_सेव्ह' ने स्थिती कळते, 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ' ने बंद होतं, पण ते पुढच्या बूटपर्यंतच. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरपासून, नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) आलाय. तिथे 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' मध्ये त्या जोडणीचं '८०२-११-वायरलेस.पॉवरसेव्ह' २ करा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. उबुंटूच्या इमेजमध्ये 'डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' नावाची फाइल ३ घेऊन बसलेली असते, तीही बदला. जुन्या लेखांत डीएचसीपीसीडी किंवा आरसी.लोकलचे उपाय सापडतील. नव्या इमेजवर त्यांच्या नादी लागू नका.

झोप दोन ठिकाणची असते हे मात्र लक्षात ठेवा. रेडिओची वेगळी, यूएसबी पोर्टची वेगळी. पोर्टचं झोपणं बंद करायला सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये 'यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१' टाका. ती फाइल एकाच ओळीची असते. मध्ये एंटर मारलात तर बोर्ड बूट होणार नाही.

काही रिअलटेक डोंगल नेटवर्कांचा शोध घेताना मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बदलण्यावरून गोंधळतात. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये डिव्हाइस विभागात 'वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-ॲड्रेस=नो' केलं की ते शांत होतात.

फोनला दिसतं, बोर्डाला नाही

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये 'एनएमसीएलआय डेव्ह वायफाय लिस्ट' देऊन बघा, दोन पडदे भरून नेटवर्कं येतील. राउटर 'ऑटो' वर असला की गर्दी टाळायला तो चॅनेल बदलत राहतो, आणि कधीतरी १२ किंवा १३ वर जातो. भारतात ही चॅनेलं चालतात, अमेरिकेत बोर्डांना ती बंद असतात. इमेज लिहिताना कुठल्याशा व्हिडिओत बघून देश 'यूएस' ठेवला असेल तर त्या दिवशी बोर्डाला तुमचं नेटवर्क दिसतच नाही. फोनला मात्र पाचही काड्या. राउटर बंद-चालू केला की तो ६ वर येतो आणि सगळं आपोआप सुधारतं, म्हणून दोष राउटरवर जातो. 'आयडब्ल्यू रेग गेट' देऊन पाहा, उत्तरात 'आयएन' आलं पाहिजे. रास्पी-कॉन्फिगमध्ये वायफाय कंट्री बदलता येते. आणि राउटरवर २.४ गिगाहर्ट्झला १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ पक्की करून टाका.

झिरो २ डब्ल्यू आणि पाय ३ बी यांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, हेही राउटर बदलताना विसरलं जातं. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र असेल आणि पासवर्ड बरोबर असूनही जोडणी नाकारली जात असेल तर बोर्डांसाठी नुसत्या डब्ल्यूपीए२ चं वेगळं गेस्ट नेटवर्क काढा.

सिग्नलचा आकडा आयडब्ल्यू लिंकमध्ये मिळतो. उणे ६५ पर्यंत निश्चिंत, उणे ७५ ला कुरबुरी सुरू, उणे ८० च्या पलीकडे सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही. गच्चीवर एक गंमत होते: राउटर आणि बोर्ड यांच्यामध्ये टाकी असेल तर टाकी भरली की सिग्नल पडतो, रिकामी झाली की सुधारतो. पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषतं. बोर्ड टाकीच्या दुसऱ्या बाजूला न्या.

लाइट आल्यावर

महावितरणची लाइट गेली आणि आली, बोर्ड अर्ध्या मिनिटात उभा राहिला, फायबरचा डबा आणि राउटर यांना मात्र दोन-तीन मिनिटं लागली. नेटवर्कमॅनेजर चार प्रयत्न करून काही वेळ थांबतो. 'कनेक्शन.ऑटोकनेक्ट-रीट्राइज' ० केलं की तो थांबत नाही. इथे ० म्हणजे कायम प्रयत्न. बऱ्याच घरांत राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलेला असतो, बोर्डाला नसतो. तिथे ही अडचण येत नाही, पण अचानक वीज गेल्याने कार्ड खराब व्हायची भीती उरतेच.

राखणदार स्क्रिप्ट

एवढं करूनही महिन्यातून एखादा डोंगल अडकतोच, विशेषतः स्वस्तातला. त्यासाठी दर पाच मिनिटांनी राउटरला पिंग करणारी स्क्रिप्ट ठेवा. पिंग राउटरलाच, बाहेरच्या पत्त्याला नाही, नाहीतर इंटरनेट गेलं की बोर्ड रात्रभर रीबूट होत बसेल. तीन वेळा लागोपाठ चुकलं तर आधी डीमेसेजच्या शेवटच्या ओळी फाइलमध्ये लिहा, मग जोडणी तोडून जोडा, तरी नाही तर ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून परत घाला, आणि रीबूट सगळ्यात शेवटी. फर्मवेअरच (डोंगलच्या आतलं सॉफ्टवेअर) अडकलेलं असेल तर साध्या रीबूटनेही डोंगल सुटत नाही, कारण पोर्टवरची वीज चालूच राहते. 'यूहबसीटीएल' ती वीज तोडू शकतं, पण पायवर बहुधा सगळे पोर्ट एकत्र जातात, तेव्हा डिस्क लावलेली असेल तर ती आधी अनमाउंट करा (सिस्टिमपासून सोडवा).

स्क्रिप्टच्या नोंदीत रोजच्या रोज रीबूट दिसत असतील तर वायफायचा हट्ट सोडा आणि वायर ओढा. कॅट-६ शंभर मीटरपर्यंत चालते, दहा मजल्यांच्या डक्टमधून गच्चीवर न्यायला पुरेशी आहे. उघड्यावरच्या भागात बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची घ्या, पांढरी उन्हाने दोन पावसाळ्यांत तडकते. वायर ओढायला कमिटी तयार नसेल तर जुना राउटर क्लायंट मोडमध्ये (मुख्य राउटरच्या वायफायला जोडणारा) टाकून बोर्डाच्या शेजारी ठेवा आणि मध्ये फूटभर लॅन केबल जोडा. राउटरचे अँटेना कुठल्याही डोंगलपेक्षा बरे असतात, आणि लिनक्सला मग वायफायशी काही देणंघेणंच राहत नाही. झिरोला लॅनचं सॉकेट नाही, तिथे यूएसबीचा लॅन ॲडाप्टर लागेल. त्याचीही चिप विचारूनच घ्या.